लक्ष द्या हं, उत्तर येतंय!

आदरणीय सर,

आयेल्ट्सचा निकाल लागला. लिसनिंगमध्ये साडेसहा बँड. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल सात मागते. लेखनात साडेसहा चालवून घेते, ऐकण्यात नाही. तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. तुमच्या क्लासात मला चाळीसपैकी छत्तीस-सदतीस पडायचे, ही कृपा काय थोडी आहे?

किती मायेनं शिकवायचात तुम्ही! रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच तुमचं बोट वर जायचं, "लक्ष द्या हं, उत्तर येतंय!" की लगेच पॉज. थोडं मागे. पुन्हा एकदा. शेवटच्या बाकावर कुणाचा चेहरा कोरा दिसला, तर तिच्यासाठी आणखी एकदा. परीक्षेला हेडफोन लावून बसले, तर त्यातली बाई आपली बोलतच सुटली. चार भाग, चाळीस प्रश्न, जेमतेम अर्धा तास, आणि सगळं एकदाच वाजतं. बोट वर करणारं कुणी नाही. तुम्ही सोबत यायला हवं होतंत, सर.

त्यातून पहिल्या भागातला तो फोनवरचा गृहस्थ. खोली बघायला मंगळवारी येतो म्हणतो, आणि पुढच्याच श्वासात, छे, मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, गुरुवारी येतो. मंगळवार लिहून जो निर्धास्त झाला, त्याचा मार्क गेला. हा सापळा मुद्दाम लावलेला असतो. या इसमाशी तुम्ही आमची कधी गाठच पडू दिली नाहीत. त्यानं मंगळवार म्हणायचा अवकाश, तुम्ही पॉज दाबून फळ्यावर 'गुरुवार' लिहून मोकळे.

प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. खरी मेख तिथंच आहे. कुठल्या गाळलेल्या जागेत आकडा येणार, कुठं आडनाव, कुठं अनेकवचन, हे आवाज सुरू व्हायच्या आत हेरून ठेवायचं. दोनच शब्दांत उत्तर मागितलं असेल आणि तिसरा लिहिला, तर ते चूक. स्पेलिंग चुकलं, तरी चूक. क्लासात नेमक्या त्या वेळात तुम्ही मेलबर्नच्या भाच्याचा पगार सांगायचात. तो मात्र आम्हाला पहिल्याच फेरीत ऐकू आला.

शेवटी उत्तरं उतरवून घ्यायला दहा मिनिटं मिळतात, हेही तुम्ही घोकून घेतलंत. मिळतात की, कागदावरच्या परीक्षेत! आम्हा सगळ्यांचे फॉर्म तुम्हीच भरलेत, ते कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचे. तिथं उत्तरं तपासायला दोन मिनिटं. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. असो, पैसा काय, हाताचा मळ.

इंटरनेट बंद पडायचं त्या दिवशी तर पर्वणीच. तुम्ही स्क्रिप्ट हातात घेऊन स्वतः वाचायचात. लंडनचा घरमालक, सिडनीची विद्यार्थिनी, व्हेल माशांवर बोलणारे प्राध्यापक, सगळे आमच्या मिरजेचे होऊन जायचे. एकाचाही शब्द निसटला नाही.

एक मान्य करते, परीक्षाही विचित्रच आहे. वॉर्डात रात्री डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला, तर आम्ही तो परत म्हणून दाखवतो. पंधरा की पन्नास, हे पक्कं झाल्याशिवाय इंजेक्शन भरत नाही. रोग्याच्या जिवासाठी लावून घेतलेली सवय आहे ती. परीक्षेत मात्र परत विचारायचं नाही. म्हणजे चांगल्या नर्सला तिथं जास्तच सराव लागणार. तुमचा अर्धा वर्ग नर्सचा. सवय मोडायचं राहिलंच, तुम्ही ती तूप-साखर घालून पोसलीत.

तरी तुमचं समाधान ढळलेलं नाही, हे कॉलेज रोडवरच्या तुमच्या नव्या फ्लेक्सवरून कळलं. 'खात्रीशीर सात बँड', आणि खाली आमचे फोटो. माझ्या फोटोखाली तर तुम्ही आठ लिहिलेत. उदार आहात. रविवारच्या आत तो फोटो उतरवा, आणि क्लासच्या उरलेल्या फीचं काय करता तेही कळवा. एकदाच सांगते आहे, मधे पॉज नाही.

आपली आज्ञाधारक,
सकाळच्या बॅचमधली, दुसऱ्या बाकावरची