आधी लगीन, मग अर्ज

स्थळ अमेरिकेचं, मुलगा तिथला नागरिक, मुलगी सांगलीची. पसंती झाली की कार्यालय, केटरर, दागिने यांवर बैठकांमागून बैठका होतात. मुलगी तिकडे कुठल्या व्हिसावर जाणार हे मात्र ‘मुलाकडचे बघतील’ म्हणून सोडून दिलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. तिथे पोहोचल्यावर ती कमावू शकेल का, आई आजारी पडली तर परत येऊ शकेल का, हे त्याच निर्णयावर ठरतं.

रस्ते मुख्यतः दोन. पहिला वाग्दत्त वधूचा, के-1. मुलगा आय-129एफ भरतो, मुलगी अविवाहित म्हणून जाते आणि उतरल्यापासून 90 दिवसांत त्याच मुलाशी लग्न करते. दुसरा पत्नीचा. लग्न इथे करायचं, मग मुलाने आय-130 भरायचा, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची आणि तिकडे पाऊल ठेवतानाच ग्रीन कार्डाचा हक्क हातात.

‘के-1 लवकर होतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातूनच एक तोडगा निघतो: विधी आत्ता उरकून घेऊ, नोंदणी तेवढी नको, म्हणजे कागदावर मुलगी अविवाहितच राहील. हा तोडगा घातक आहे. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याच्या कलम 7 प्रमाणे सप्तपदीतलं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. नोंदणी केली नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्राचे फोटो अधिकाऱ्यापुढे आले की के-1 तिथेच अडतो, कारण तो लग्न न झालेल्यांसाठीच आहे. मग पुन्हा पहिल्यापासून आय-130. लग्न झालंच नाही असं मुलाखतीत खोटं सांगितलं, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आणि हा सल्ला देणारा काका तेव्हा मुलाखतीच्या खिडकीपाशी नसतो.

विधी न करता सरळमार्गाने के-1 घेतला तरी पुढचं कुणी नीट सांगत नाही. तिथे लग्न झाल्यावर ग्रीन कार्डासाठी वेगळा अर्ज, आय-485. एप्रिल 2024 पासूनच्या दरपत्रकात त्याचीच फी 1,440 डॉलर. कामाचा परवाना हातात येईपर्यंत नोकरी नाही. प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. कालपर्यंत बँकेत किंवा कॉलेजात मानाने काम करणारी मुलगी परक्या गावात, नवऱ्याच्या कार्डावर भाजी आणत दिवस काढते. घरात काही बिनसलं तर तिच्याकडे पैसाही नसतो आणि परतीची मोकळी वाटही नसते. आय-130 ला वर्षभर किंवा जास्तही लागतं, मान्य. पण ते वर्ष ती स्वतःच्या गावात, स्वतःच्या पगारावर, आईवडिलांजवळ काढते. माझ्या लेखी या दोन वाट पाहण्यांत तुलनाच नाही.

के-1 निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ज्यांना खरोखर तिकडेच लग्न करायचंय, त्यांनी तो जरूर घ्यावा. समलिंगी जोडप्यांसाठी तर तो मोलाचा आहे. इथे त्यांच्या विवाहाला कायदा नाही आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्यता द्यायला नकार दिला.

तिसरा रस्ता दलालांचा: टुरिस्ट व्हिसावर जा, लग्न करा, तिथेच राहा. मनात हा बेत ठेवून ‘फिरायला आलेय’ म्हणणं म्हणजे फसवणूक. या वाटेला जाऊच नका.

पत्नीच्या रस्त्यावरही एक गाठ लक्षात ठेवा. तिथे प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील, तर मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त असतं, दोनच वर्षांचं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत आय-751 भरावा लागतो. ती तारीख मुलीने स्वतः लिहून ठेवावी, नवऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. आणि पासपोर्टावरचं माहेरचं नाव बदलायची सक्ती कुठलाच कायदा करत नाही. सासरच्या हौसेपायी अर्जाच्या मध्येच नाव बदललं की प्रत्येक कागदावर खुलासे देत बसावं लागतं.

मुलींच्या आईवडिलांनो, पहिल्याच बैठकीत विचारा: मुलगा नागरिक की ग्रीन कार्डधारक? ग्रीन कार्डधारकाला के-1 मागताच येत नाही, आणि त्याच्या पत्नीला कोट्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. नागरिकाच्या पत्नीला ती रांग नाही. हे विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. उत्तर मिळाल्यावरच मुहूर्त काढा, लग्न थाटात करा, त्याच आठवड्यात नोंदणी करा आणि आय-130 टाका.