दर्जोन्नती

गावचा रस्ता दर्जोन्नत झाला, की चौकात फलक लागतो. कालचा इजिमा, म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आजपासून प्रजिमा, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. वर आमदारांचे अथक प्रयत्न, खाली कार्यकर्त्यांचे फोटो. खड्डे तेच, फक्त काल ते जिल्हा परिषदेचे होते, आज सार्वजनिक बांधकाम विभागाचे झाले.

या उतरंडीचा पाया १९४३ साली आपल्या नागपुरातच मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत घातला गेला. आकड्यांची मात्र केंद्राने २०१० साली नव्याने मांडणी केली. नियम खरोखर सुबक आहे. उत्तर-दक्षिण महामार्गांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे; पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. आकडा तीन अंकी असेल तर तो फाटा. आपण देशाच्या कुठल्या कोपऱ्यात अडकलो आहोत, हे प्रवाशाला नुसत्या आकड्यावरून कळावं! मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि पुढचं कोकणी माणसाला विचारू नये. आकडा मात्र चटकन बदलला. पुणे-बंगळूर रस्ता कागदावर ४८ आहे, पण लोक हटवादी, ते अजून ‘एनएच फोर’च म्हणतात.

संतही या नियमातून सुटले नाहीत. पुणे-सोलापूर रस्ता ६५, म्हणून ज्ञानोबांचा पालखी मार्ग ९६५ आणि तुकोबांचा ९६५ जी. तुकोबांना निदान ‘जी’ तरी लागला.

वर्गवारीचं खरं सामर्थ्य दिसलं ते दारूपायी. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बजावलं. मुदत मार्चअखेरची. दुकान हलवायचं तर जागा हवी, परवाना हवा. रस्त्याचा दर्जा उतरवायला एक अधिसूचना पुरते. चंडीगडने शहरातले राज्य महामार्ग सरळ प्रमुख जिल्हा मार्ग करून टाकले. आपल्याकडेही काही शहरांतले रस्ते रातोरात पालिकांच्या पदरात पडले. केरळात परवूरच्या एका बारवाल्याने तर सरकारला तसदीच दिली नाही. दारापुढे नागमोडी बोळ उभारून त्याने अंतरच वाढवलं. (पिऊन बाहेर पडणारा त्यातून कसा सुटत असेल, देव जाणे.) जुलैत न्यायालयानेही शहरातल्या रस्त्यांपुरतं चंडीगडचं पाऊल वैध ठरवलं. दर्जोन्नतीची फाईल वर्षानुवर्षं टेबलावर झोपते. दर्जा उतरवायचा आणि महसूल वाचवायचा म्हटलं, की तिला पाय फुटतात.

तेव्हा वाचकहो, खड्ड्यात आपटलात तर उठायची घाई करू नका. आधी कडेचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर महामार्ग राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्याचा, नारिंगी असेल तर रस्ता गावाकडचा. अर्ज कुठे न्यायचा, ते त्यावरच ठरतं. दगडच दिसला नाही, तर समजा की रस्ता सध्या हस्तांतरणाच्या प्रक्रियेत आहे.