शंभर काउंटची सूनबाई

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास समोरच्या गॅलरीत एक डोकं उगवतं. डोक्याला फेटा असतो आणि फेट्यावर, नेमकं कपाळाच्या वर, हिरव्या अक्षरांत छापलेलं असतं : सुरक्षा प्रथम. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला कंपनीनं नवऱ्याला दिलेला टी-शर्ट आहे तो. टॉवेलानं खसाखसा पुसलं की ओला केस तुटतो, जुना सुती टी-शर्ट मात्र पाणी अलगद टिपतो, हे शास्त्र घरात आल्यापासून नवऱ्याचे चार टी-शर्ट या डोक्याच्या कामी आले. पाचवा तो अंगातून काढतच नाही. रात्रपाळीहून आला की तसाच झोपतो.

ही आमच्या शेजारच्या वहिनींची सून. सोसायटी तिला सोनकेशी म्हणते, अर्थात तिच्या माघारी. मी मनातल्या मनात तिला शंभर काउंट म्हणतो. त्याला कारण माझा धंदा.

बोईसर कुठं संपतं आणि सालवड कुठं सुरू होतं ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. एमआयडीसी कुठं सुरू होते ते मात्र नाकाला कळतं. त्या वासात मी बत्तीस वर्षं काढली. प्रोसेस हाऊसमध्ये, ब्लीचिंग खात्यात. मागावरून उतरलेलं कोरं, पिवळट कापड पांढरंशुभ्र करून रंगखात्याच्या ताब्यात द्यायचं, एवढंच आयुष्यात केलं. निवृत्त झालो तेव्हा डोक्यावर एक केस उरला नव्हता आणि केस या विषयावर कुणी माझं मत विचारलं नव्हतं. दोन्ही गोष्टी माझ्या अंगवळणी पडल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी, धाकट्या दिराच्या लग्नाआधी, सूनबाई सकाळी अकराला एका पार्लरात गेली ती संध्याकाळी पाचला परतली. वहिनींनी दारातच विचारलं, ‘‘कुठं होतीस गं इतका वेळ?’’

‘‘बलायाज केलं, आई.’’

वहिनी उंबऱ्यातच थबकल्या. बालाजी? एका दिवसात? आणि बालाजीला जाऊन ही केस घेऊन परत कशी आली?

केस होते खरे. मुळाशी काळे, मध्ये डहाणूच्या चिकूच्या सालीसारखे आणि टोकाला कापणीला आलेल्या भातासारखे. पार्लरवालीनं त्यांना कॅरॅमल आणि हनी अशी नावं दिली होती. आम्हाला चिकू आणि भात बरा समजतो. पण दिसत होती झकास, खोटं कशाला बोलू? लग्नाच्या फोटोंत नवरी कोण हे अजून शोधावं लागतं.

मोडतोड सुरू झाली ती लग्नानंतरच्या सत्यनारायणाला. प्रसादाच्या शिऱ्यात केस निघाला. सोनेरी होता. मालकीची चौकशी करायची गरजच पडली नाही.

त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे आली. ‘‘काका, तुम्ही ब्लीचमध्ये होतात ना?’’

‘‘होतो. पण कापडाच्या.’’

‘‘कापडाला काय लावतात?’’

‘‘हायड्रोजन पेरॉक्साइड.’’

‘‘अय्या, मला पण तेच!’’ शाळेतली मैत्रीण भेटल्यासारखा तिला आनंद झाला.

तिच्या डोक्यावर थर्टी व्हॉल्यूम गेलं होतं. म्हणजे एका लिटरातून तीस लिटर प्राणवायू सुटेल इतकं तेज. टक्क्यांत सांगायचं तर साधारण ९. आमच्याकडे निळ्या कारबॉयमधून ५० टक्क्यांचं यायचं. हातमोजा फाटका निघाला की बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी पडायची. पण आम्ही ते किती पातळ केलं, सोबत कॉस्टिक किती, सिलिकेट किती, वाफ किती मिनिटं, हे सगळं लॉटनुसार वहीत उतरवायचो. सूनबाईची वही कुणी ठेवली नव्हती. फॉइलमध्ये बांधलेल्या डब्यातल्या पोळ्यांसारखी तिच्या डोक्यावर पाकिटं करून तिला आरशासमोर बसवलं होतं आणि पार्लरवाली जेवायला गेली होती.

आता केसाच्या अंगावर कौलं असतात. खरंच, एकावर एक रचलेली, टोकाकडे उतरती. ब्लीच ती कौलं उचकटून आत शिरतं, आतला काळा रंग जाळतं आणि येता-जाता केसाला धरून ठेवणारे गंधकाचे दुवेही तोडतं. जाड केस हे सोसतो. पण बारीकपणाचा हिशेब निराळा. सुताचा बारीकपणा काउंटात मोजतात, आकडा मोठा तितकं सूत बारीक. चाळीसचं सूत रोजच्या शर्टाला चालतं. शंभरचं म्हणजे तलम धोतर, फुंकर मारली तर उडेल असं. आपल्याकडचा दणकट केस ८०-१०० मायक्रॉन जाडीचा असतो. सूनबाईचा पन्नास-साठीतच आटोपलेला. शंभर काउंटच्या लॉटला कुणीतरी चादरीचं ब्लीच दिलं होतं. आमच्या खात्यात हे झालं असतं तर मास्तरनं मेमो दिला असता.

शिवाय केस म्हणजे सूत नव्हे, लोकर. सूत भिजलं की बळकट होतं. लोकर आणि केस भिजले की दुबळे. सुतात जन्म घालवलेल्या माणसाला हे मानायला जरा जडच जातं. वहिनींनी तर ते अजून मानलेलं नाही. न्हाऊन आल्या आल्या ओल्या केसांत बारीक दातांची फणी फिरवायची आणि डोळे ताणले जातील इतकी घट्ट वेणी घालायची, ही त्यांच्या चिंचणीच्या माहेरची रीत. त्यांचा स्वतःचा अंबाडा या रीतीनं सत्तर वर्षं टिकला. पण तो मुळात वीस काउंटचा, नांगराला जुंपला तरी तुटायचा नाही.

माझी चूक एवढीच झाली की मी बोललो. पाण्यात लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश असला की पेरॉक्साइड बिथरतं आणि कापडाला भोकं पडतात, केसांनाही ते तितकंच नडतं, असं मी सहज म्हणून गेलो. आमच्या सोसायटीत तीन पाणी : नळाचं, बोअरचं, टँकरचं. त्यातलं टाकीत कुठलं आहे ते वॉचमनलाही माहीत नसतं. दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये वीस लिटरचा जार आला. तेव्हापासून त्या घरात माणसं बोअरचं पाणी उकळून पितात आणि केस आरओच्या पाण्यानं न्हातात. जारवाला पहिल्या महिन्यात दोनदा विचारून गेला, बारसं आहे का घरात?

दुसरी चूक पिक ग्लासची. पितळेचं, घडीचं, चौकोनी भिंग. कापडाच्या एका इंचात किती धागे ते मोजायचं. निवृत्तीच्या दिवशी ते चुकून माझ्या खिशात राहिलं, बत्तीस वर्षांत एवढी एकच चूक. मी तिला दाखवलं : रोज पन्नास ते शंभर केस गळणं रीतीचंच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ज्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा कोंब दिसतो तो वय होऊन गेलेला. ज्याला कोंब नाही, नुसता तुकडा आहे, तो तुटलेला, अपघाती मृत्यू.

झालं. रोज संध्याकाळी तारीख घातलेलं पाकीट घेऊन ती येऊ लागली. आमच्या जेवणाच्या टेबलावर काळा कागद पसरून पंचनामा व्हायचा. नैसर्गिक किती, अपघाती किती, वहीत नोंद. १ ऑगस्ट २०१४ ला सरकारनं ठाणे जिल्ह्याचा भांग पाडून पालघर वेगळा काढला, तेव्हाही इतकी बारीक मोजणी झाली नसेल. आठवड्याभरात माझी बायको कडाडली, ‘‘ही मढी जेवायच्या टेबलावर आणायची नाहीत!’’ मग पंचनामा सूनबाईच्या घरी हलला. भिंगही गेलं. ते अजून परत आलेलं नाही.

अशा माणसाचं लक्षण काय म्हणाल, तर तिला कुठलीही गोष्ट आधी केसांच्या बाजूनं दिसते. विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली याचं सगळ्या बोईसरला कौतुक. तिचं म्हणणं, खिडकीतून वारा फार येतो. चिंचणीच्या किनाऱ्यावर पोरं पाण्यात, नवरा भेळेच्या गाडीवर आणि ही डोक्याला ओढणी गुंडाळून समुद्राकडे पाठ करून बसलेली. खारा वारा ना! उशांना तिनं सॅटिनचे अभ्रे घातले. सुती अभ्र्यावर केस घासतो, सॅटिनवर घसरतो. केसाबरोबर उशी घसरते आणि उशीबरोबर नवरा, हे त्या शास्त्रात लिहिलेलं नसावं. पहाटे पलीकडून ‘धप्प’ असा आवाज येतो.

पुण्याच्या एका नणंदेला या गळतीचं मूळ सापडलं होतं. ‘‘तुमच्याकडे ती अणुभट्टी आहे ना, त्यानंच!’’ तारापूरचं केंद्र १९६९ पासून वीज देतंय, त्या विजेवर लोकांनी नातवंडं वाढवली. ते गाव सोडून थर्टी व्हॉल्यूमकडे बोट दाखवणारा मी एकटाच, आणि मला टक्कल. माझ्या शब्दाला वजन कुठून येणार?

श्रावणात मोठाच पेच आला. कुठूनतरी तिला कळलं की केसांना प्रथिनं हवीत, म्हणजे अंड्याचा लेप. श्रावणात त्या घरात अंडं येत नाही. वहिनींनी दोन दिवस विचार करून निकाल दिला : तोंडात जायचं नाही, तर चालेल, पण देवघराच्या बाजूला डोकं करायचं नाही. लेप लागला, धुताना पाणी गरम निघालं आणि सोनकेशीच्या डोक्यावर भुर्जी झाली. मी नंतर सांगितलं, की अंड्यातला प्रथिनाचा कण इतका थोराड असतो की केसात शिरतच नाही, अंडं बाहेरच राहतं. वहिनी म्हणाल्या, ‘‘आधी सांगायचं होतंत. आमचा श्रावण तरी वाचला असता.’’

जांभळ्या शाम्पूची गोष्ट निराळी. तो मला पटला, कारण तो म्हणजे आमची नीळ. पांढऱ्या कापडावर पिवळी झाक आली की तिला निळ्या-जांभळ्यानं मारायचं, हे धुणंवाल्या बायकांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पण नीळ कमी-जास्त झाली तर काय होतं तेही त्यांना ठाऊक आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सकाळी वहिनींनी चुकून तीच बाटली घेतली आणि काटकसरीची बाई, फेस वाया जाऊ नये म्हणून दहा मिनिटं डोक्यावर ठेवला. संध्याकाळी त्यांच्या पांढऱ्या अंबाड्याला वांग्याच्या फुलाचा रंग चढला होता. घरात रडारड व्हायची तेवढी झाली. पण वाण लुटायला आलेल्यांपैकी चौघींनी हळूच पार्लरचं नाव विचारलं. वहिनींनी सांगितलं नाही. ‘‘आमच्या सूनबाईचा हात आहे,’’ एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या दोघींचं जरा बरं चाललंय.

त्यातच खोबरेलाचा तंटा मिटला. सूनबाईला तेलाचा तिटकारा होता, बारीक केस तेलानं चिपकून डोकं लिंबाएवढं दिसतं म्हणून. मग तिला कुठंतरी वाचायला मिळालं, की २००३ साली मॅरिको या खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या संशोधकांनी तपासणी छापली : खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांत केसातलं प्रथिन वाहून जाणं थांबवलं ते एकट्या खोबरेलानं, ब्लीच केलेल्या केसांतसुद्धा. त्याचा कण लहान आणि सरळ, म्हणून तो आत शिरतो. विकणाऱ्यानंच आपल्या मालाला दिलेला दाखला, म्हणून मी आधी नाक मुरडलं. पण कारण पटलं. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात ना, शंभर काउंटला तर हवीच, नाहीतर ठोक्यासरशी तुटतं. तशी ही न्हाण्याआधीची खळ. रात्रभर डोक्यावर थापायची नाही. तासाभरापूर्वी, टोकांना लावायची. वहिनी म्हणाल्या, ‘‘मी काय वेगळं सांगत होते?’’ त्या बरंच वेगळं सांगत होत्या. वाटीभर सांगत होत्या, वर घट्ट वेणी सांगत होत्या. पण मी गप्प बसलो. बत्तीस वर्षांत एवढं शिकलो, की लॉट पास झाला की फोरमनशी वाद घालू नये.

दुवे जोडणारी एक इवलीशी बाटलीही मध्ये येऊन गेली. किंमत ऐकून नवऱ्यानं विचारलं, हिच्यात लोकलचा पास पण आहे का? उपयोग थोडाफार झाला म्हणे. पण टेंडर झालेलं कापड, म्हणजे ब्लीचनं चिरकं झालेलं, पुन्हा नवं होत नाही. ते कापून फेंटमध्ये किलोवर विकतात. केसाचंही तेच, फक्त किलोवर कुणी घेत नाही. टोकं कापणं हा एकच इलाज मी पहिल्या दिवशी सांगितला होता. तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच करत तिनं गेल्या दिवाळीत शेवटचा चिकू कापला. आता खांद्यापर्यंत काळेभोर, मऊ केस आहेत. बारीकच, पण धड. पाकिटं बंद झाली. जार मात्र चालू आहे, कारण आता चहाही त्याच पाण्याचा हवा असतो.

परवा रविवारी फेटा बांधलेला असतानाच ती आमच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या दिराचं लग्न ठरलंय.

‘‘काका, काळ्यावर कॉपर रेड बसेल का हो? ब्लीच न करता?’’

‘‘कोऱ्या कापडावर शेड उठत नाही गं. आधी उजळावंच लागतं.’’

तिनं मान डोलावली. हे तिला माहीत होतं. ‘‘थर्टी नाही हं काका. ट्वेंटीच. आणि फक्त पुढच्या दोन बटा.’’

‘‘ते राहू दे. आधी माझी पिक ग्लास परत कर.’’

‘‘असू दे ना काका माझ्याकडे,’’ सुरक्षा प्रथम सारखं करत ती म्हणाली, ‘‘लागेलच.’’