घरच्या घरी दोर वळण्याची शास्त्रोक्त पद्धत
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गरजूंसाठी)

दोर बाजारात मिळतो, याची या मार्गदर्शिकेच्या लेखकाला पूर्ण कल्पना आहे. शहापूरला मिळतो, मुरबाडला मिळतो, नायलॉनचा तर किलोवर मिळतो. तेव्हा ‘मग विकतच का आणत नाही?’ ही शंका वाचकानं काढू नये. ती काढायला घरातली मंडळी समर्थ आहेत आणि दोर वळून होईपर्यंत ती काढत राहतात.

सर्वांत आधी दोर कशाला बांधायचा ते ठरवावं. पूर्वी ही पायरीच नव्हती. गोठ्यात बैल होते, त्यांना दावं लागे, म्होरकी लागे, गाडीला जुंपले की कासरा लागे. पाणी शेंदायला वेगळा दोर, भारे बांधायला वेगळा, पाळण्याला वेगळा. आता नांगरट ट्रॅक्टर करतो. जमिनीचा एक तुकडा समृद्धी महामार्गात गेला, दुसऱ्यावर डोंबिवलीकरांचं फार्महाऊस उभं राहिलं आणि गोठ्यात मोटारसायकल असते. तिला स्टँड असल्यामुळे दाव्याची गरज पडत नाही. दोराची जाडी तरीही बैलाच्याच मापानं ठरवायची असते. त्यासाठी पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत एक फेरी मारून यावी. गुरांचा बाजार तिथं अजून भरतो. बैलांची मान बघून दोराची जाडी ठरवावी, बैलांचा भाव ऐकून बैलाचा विचार सोडावा आणि एक घोंगडी घेऊन परतावं. घोंगडीला दोर लागत नाही, पण जत्रेतून रिकाम्या हातानं येऊ नये.

फार्महाऊसवाल्यांना ही अडचण नाही. त्यांना झोपाळा बांधायचा असतो.

कच्चा माल

अंबाडी उत्तम. वरकसावर नाचणीच्या कडेनं कुणी लावली असेल तर त्याच्याशी आतापासून गोड बोलावं. अडचण एवढीच की अंबाडीची भाजी होते. ज्या घरात कण्या घालून अंबाडीची भाजी चांगली करतात, त्या घरात दोर कधीच होत नाही. शेंडे खुडून खुडून झाडाला फांद्या फुटतात, उंची राहते बाजूला आणि आखूड, गाठाळ काडीतून लांब धागा निघत नाही. तेव्हा घरात आधी मतदान घ्यावं: भाजी की दोर. भाजी निवडून आल्यास पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

दोर निवडून आल्यास पीक फुलावर येताच कापावं, मोळ्या बांधून साठलेल्या पाण्यात बुडवाव्यात, वर दगड ठेवावेत आणि साल काडीपासून सुटेपर्यंत कुजू द्याव्यात. दोन-तीन आठवडे जातात. या काळात वास येतो. शेजाऱ्यांशी बोलणं आधीच बंद असेल तर ही पायरी फार सुखाची जाते. मग साल सोलायची, पाण्यावर आपटून धुवायची, वाळवायची. हाती येतो तो वाख.

घायपात फुकट मिळतो. रेल्वेच्या कडेनं आणि बांधांवर तो कुंपण म्हणून लावलेला आहे. पानाच्या टोकाला काळा टणक काटा असतो, तो आधी छाटावा. पान ठेचून गर खरवडला की आत पांढरे, लांब, चिवट धागे असतात. रस अंगाला लागला की खाज सुटते आणि बराच वेळ सुटत राहते. म्हणून ठेचण्याचं काम ‘विकतच का आणत नाही’ असं ज्यानं पहिल्यांदा विचारलं, त्याला द्यावं.

रानातला माल याहून सरस. केवण घ्या. हिलाच मुरुडशेंग म्हणतात, कारण हिची शेंगच पिळलेली असते. शेंग बाळगुटीत उगाळतात, सालीचा दोर करतात. धामणीच्या सालीचा दोर होतो, आपट्याचा होतो, पळसाच्या मुळांतूनसुद्धा वाख निघतो. कोणती काडी कोणत्या महिन्यात सोलायची, हे कातकरी आणि ठाकूर मंडळींना विचारावं. मात्र विचारण्यापूर्वी आपण जंगल खात्याचे नाही हे त्यांना नीट पटवून द्यावं. नाहीतर ‘आमाला काय ठावं नाय’ एवढंच वनस्पतिशास्त्र पदरात पडतं. आणि साल सोलायची हौस तानसा अभयारण्याच्या हद्दीत भागवू नये. दोर होण्याआधी पंचनामा होतो.

राहिला सर्वांत चालू माल: युरियाच्या गोण्या आणि जुन्या साड्या. गोणीचे धागे उसवावेत, साड्या उभ्या फाडून पट्ट्या काढाव्यात. साडीचा दोर मऊ होतो, गुराच्या मानेला काचत नाही, हाताला झोंबत नाही. फक्त कोणती साडी जुनी, हे ठरवण्याचा अधिकार पुरुषांना नाही. कपाटाच्या तळाशी, दहा वर्षं घडी न मोडलेली साडी जुनी नसते. ती जपलेली असते. हा फरक फाडल्यावर कळून उपयोग नाही.

यंत्र

दोन फळ्या, 8 मिलिमीटरची सळई, एक लाकडी गोटा. सळई विकत घेऊ नये. आसनगाव, वासिंद, सरळगाव, कुठंही राहत असाल तरी शेजारी कुणाचा तरी बंगला बांधून होतच असतो.

जाड फळीला त्रिकोणात तीन भोकं पाडावीत. सळईचे हातभर लांबीचे तीन तुकडे करावेत. प्रत्येकाचं एक टोक वाकवून आकडा करावा आणि सरळ टोक भोकातून मागं काढावं. मागं आलेला भाग काटकोनात एकदा वाकवावा, चार बोटं सोडून पुन्हा काटकोनात वाकवावा. ही तीन टोकं दुसऱ्या, पातळ फळीच्या तीन भोकांत बसवावीत. झालं यंत्र. ही मागची फळी दोन्ही हातांत धरून गोल फिरवली की पुढचे तिन्ही आकडे एकाच दिशेनं, एकाच वेगानं फिरू लागतात. पहिल्यांदा फिरवताना प्रत्येकजण ‘अरेच्चा!’ म्हणतो. म्हणू द्यावं, पुढं फारशी संधी नाही.

कॉलेजात जाणारा पुतण्या या ठिकाणी ड्रिल मशीन जोडू म्हणेल. जोडू देऊ नये. पीळ किती बसला हे मनगटाला कळतं. ड्रिलला ते वाख तुटल्यावर कळतं.

समोरच्या टोकाला एक घसरती पाटी हवी. तिच्यावर एकच आकडा, पण स्वतःभोवती मोकळा फिरणारा. पाटी हलकी असू नये म्हणून तिच्यावर वजन ठेवावं. मिक्सर आल्यापासून घरातला पाटा रिकामाच आहे, तो चालेल. गोटा म्हणजे निमुळता लाकडी ठोकळा, त्याला बाजूनं तीन उभ्या खाचा. सुतार विचारेल, ‘हे कशाला?’ दोर वळायला, असं सांगितलं की तो म्हणेल, ‘विकतच का आणत नाही?’

तत्त्व

प्रत्येक पेडाला एका दिशेनं पीळ द्यायचा आणि असे तीन पेड एकमेकांभोवती उलट दिशेनं गुंडाळायचे. पेड सुटायला बघतो, तसा दोर आवळतो. दोर सुटायला बघतो, तसे पेड आवळतात. सुटण्याची इच्छा सगळ्यांना आहे, सुटता कुणालाच येत नाही आणि त्या ओढाताणीवरच वजन पेललं जातं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये आब्री द्यू मारास नावाच्या ठिकाणी दगडाच्या पात्याला चिकटलेला दोरीचा तुकडा सापडला, त्याचा शोधनिबंध 2020 साली आला. तुकडा 40 हजार वर्षांहून जुना, निअँडरथल माणसानं झाडाच्या अंतरसालीतून वळलेला. पेड तीन, पेडांचा पीळ एकीकडे, दोराचा दुसरीकडे. लांबी जेमतेम 6 मिलिमीटर. बाकीचा दोर बहुधा शेजाऱ्यानं मागून नेला असावा.

आपल्याकडे, विशेषतः देशावर, हे काम मातंग समाजाकडे होतं. गावाला वर्षभर दावी, नाडे, सोल पुरवायचे आणि सुगीला खळ्यावरून मिळेल ते बलुतं न्यायचं. मिळेल ते म्हणजे देणाऱ्याच्या मनात येईल ते. फार्महाऊसवाल्यांनी हेच काम शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना ‘ग्रामीण अनुभव’ म्हणून द्यायला हरकत नाही. काम तेच, फक्त पैसे काम करणाऱ्यानंच मोजायचे. एवढी सोय बलुत्याच्या हिशेबातसुद्धा कुणाला सुचली नव्हती.

मनुष्यबळ आणि जागा

यंत्र एका दुपारी होतं. एकाच वेळी मोकळी असलेली तीन माणसं जमवायला भात झोडून खळं रिकामं व्हावं लागतं.

फळी फिरवण्याचा मान जावयाला द्यावा. तो नाही म्हणू शकत नाही आणि ‘दमलो’ही म्हणू शकत नाही. पाटीपाशी लहान मूल बसवावं. पाटी सरकू लागली की ते ओरडतं, वेगळी घंटा लागत नाही. गोटा आजोबांच्या हातात. त्यांना त्यातलं खरंच कळतं. अडचण एकच, ते सांगत नाहीत.

‘बाबा, बसला का पीळ?’
‘फिरव.’
‘आता?’
‘फिरव म्हनलं ना.’
‘बाबा, हात भरून आले.’
‘जावयबापू, आमच्या वक्ताला ह्ये काम पोरी करायच्या.’

इथं सासूबाई चहा घेऊन येतात. चहासाठी फळी सोडू नये. सोडली की तिन्ही आकडे उलटे फिरून घटकाभराची मेहनत परत करतात, आणि फळीची कड हनुवटीला लागते ती वेगळीच.

अंगण किती लागेल? तयार दोराच्या दीडपट. वीस हात दोर हवा असेल तर तीस हात वाख ताणावा लागतो, कारण एक तृतीयांश लांबी पिळातच जाते. इंग्लंडात चॅटमच्या गोदीत जहाजांचे दोर वळण्यासाठी 346 मीटर लांबीची इमारत अठराव्या शतकात बांधली, ती अजून उभी आहे. आपल्याकडे तीस हात मोकळं अंगण होतं, त्यावर पेव्हर ब्लॉक बसले आणि गाडी उभी राहिली. म्हणून मुरबाड-शहापूर रस्त्यावर यंत्र मांडण्याचा मोह होईल. मांडू नये. एसटी थांबते आणि ड्रायव्हर उतरून पीळ बघतो.

प्रत्यक्ष वळण

वाखावर पाण्याचा हात फिरवावा. तीन पेड सारख्या जाडीचे, सारख्या ताणाचे घेऊन तीन आकड्यांना अडकवावेत, तिघांची दुसरी टोकं पाटीच्या एकाच आकड्यात. पाटीचा आकडा आत्ता बांधून ठेवावा, फिरू देऊ नये. जावयास सुरुवात करण्याची विनंती करावी.

पेड आवळत जातात, आखूड होतात, पाटा बसवलेली पाटी खळ्यावरून खरखरत यंत्राकडे सरकू लागते. मूल ओरडतं. पेडावर बोट टिचकवलं तर तो तारेसारखा वाजला पाहिजे. जरा सैल सोडताच त्याला कुरळी गाठ पडू लागली की पीळ पुरा झाला. आता गोटा पाटीच्या बाजूला तीन पेडांच्या मधे घालायचा, प्रत्येक खाचेत एक पेड, आणि पाटीचा आकडा मोकळा करायचा. तो आपोआप गरकन फिरतो. गोट्याच्या मागं तीन पेड एकमेकांना मिठी मारतात आणि दोर व्हायला लागतो. गोटा पुढं, यंत्राकडे जाऊ पाहतो. त्याला रोखून धरलं तर दोर घट्ट होतो, सोडून दिला तर ढिला. आजोबा बोटांनी तो असा काही धरतात की तो ना थांबतो ना पळतो, आणि तेवढा वेळ सगळं घर गप्प असतं. फळी मात्र फिरवत राहावी, दोर होताना पेडांतला पीळ थोडा उलगडतो, तो भरत राहावा लागतो.

आकड्यावरून काढण्याआधी दोन्ही टोकं सुतळीनं करकचून बांधावीत. आधी काढून मग बांधू, असं म्हणणाऱ्याला दोर वळू देऊ नये, विकत आणायला पाठवावं. शेवटी दोर दोन झाडांत ताणून, ओल्या पोत्यानं घासून, वर आलेली कुसं जाळावर झरझर फिरवून जाळून टाकावीत. साडी-गोणीच्या दोराला हा जाळ दाखवू नये. सुंभ जळाला तरी पीळ राहतो की नाही, हेही याच वेळी वीतभर तुकड्यावर तपासता येईल. मात्र ही चाचणी नुकत्याच वाटण्या झालेल्या घरात करू नये.

लांबी

ती शेवटी घेतली, कारण ती महिन्यावर अवलंबून असते. पाणी शेंदण्यासाठी दोर हवा असेल तर श्रावणात वाकून घागर बुडते, दोराचं कामच नाही. दिवाळीला पाच-सहा हात पुरतो. होळीनंतर दर आठवड्याला वाढवत न्यावा. वैशाखात कितीही लांब वळला तरी बादली तळाच्या दगडावर वाजते. तेव्हा दोर गुंडाळून ठेवावा आणि टँकरची वाट बघावी. याच शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, 1892 सालापासून. भातसा आहे, मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास तिथून जातं. मुंबईकरांना दोर वळावा लागत नाही, त्यांच्यासाठी पोलादी नळ घातले आहेत. ते आपल्याच गावांवरून जातात, त्यांच्यावर गोधड्या छान वाळतात.

टँकर आला म्हणून दोर माळ्यावर टाकू नये. पाड्यावर टँकर पाणी घरोघर देत नाही, विहिरीत ओततो. ते पुन्हा शेंदूनच काढायचं असतं आणि एका वेळी पंधरा-वीस दोर विहिरीत उतरतात. आपला ओळखू यावा म्हणून टोकाला रंगीत चिंधी बांधावी. दोर एकमेकांत अडकले तर गुंता सोडवत बसू नये, सुटेपर्यंत पाणी संपतं. हाताला येईल तो दोर ओढावा, हंडा भरावा आणि भांडण त्यानंतर करावं.