पंख्याचा हयातीचा दाखला

प्रोसेसरवरचा पंखा फिरतो आहे की नाही, हे पाहण्यास डोळे नसलेल्या मदरबोर्डाने १९९०च्या दशकात निवृत्तिवेतन कचेरीची रीत उचलली. फरक इतकाच की, पंख्याने हयातीचा दाखला वर्षातून एकदा नव्हे, तर प्रत्येक फेरीत दोनदा द्यावा, असे ठरले. पंख्याच्या लाल तारेतून बारा व्होल्ट येतात, काळीतून वीज परत जाते आणि तिसऱ्या, बहुधा पिवळ्या, तारेतून हे दाखले, म्हणजे विजेचे क्षणिक स्पंद, रवाना होतात. ज्या पंख्याला दोनच तारा, तो कितीही गरगरला तरी दप्तरी मयतच.

दाखले तपासणाऱ्या चिपला हार्डवेअर मॉनिटर म्हणतात, आणि नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम७८ ही त्या जातीतील जुनी, नावाजलेली चिप होय. हा कारकून फेऱ्या मोजतच नाही. सेकंदाला २२,५०० ठोके देणारे घड्याळ समोर ठेवून एका फेरीत किती ठोके पडले तेवढे तो टिपतो, त्यामुळे पंखा जितका मंद तितका आकडा मोठा, आणि त्याची वही आठ बिटांची, म्हणजे २५५ला संपणारी, असल्याने वही भरली की पंखा मेला असे तो बिनदिक्कत लिहून टाकतो. ठोके आधीच भागून कमी करणारा भाजक नावाचा आकडा असतो खरा. पण तो मुळात २ असतो, आणि तेवढ्यावर मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्यांच्या आतला प्रत्येक पंखा गतप्राण ठरतो. परिणामी कर्कश पंख्याला आरोग्याचे प्रमाणपत्र मिळते आणि मालकाने शांततेसाठी मुद्दाम आणलेला १,२०० फेऱ्यांचा सज्जन पंखा वारा घालता घालता शून्यावर नोंदला जातो, हा न्याय अनेक कुटुंबांतही रूढ आहे.

भाजक ८ केला की तोच पंखा जिवंत होतो. मात्र त्याच भाजकावर ६,०००च्या आसपास फिरणाऱ्या पंख्याला ६,०२७ किंवा ५,८१९ एवढेच दोन आकडे उपलब्ध राहतात, मधला वेग त्याने ठेवला तरी कारकुनाकडे तो लिहिण्यास रकाना नसतो, आणि पडद्यावर आकडा दोनशेने उडताना पाहून मालकाचेच ठोके वाढतात.

एलएम७८च्या तिसऱ्या पंख्याचा भाजक तर कायमचा २ आहे, तो बदलण्याची सोयच नाही. तेथे जोडलेला मंद पंखा हयात आहे की नाही, हे कॅबिनेटची बाजू उघडून, बोट आत न घालता, पाहावे.