चौकातलं गोदाम आणि पानांचा गॅस

“अवो ताई, ऐकलं का? आमच्या पुतण्यानं चौकातलं गोदाम धुऊन काढलं. आता तिथं म्हणं दिव्याखाली पाला लावणार!”

आमच्या शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या की बातमी आधी आणि खुशाली मागाहून. त्या विट्याकडच्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसे त्यांचे सासरे लखनऊच्या चौक सराफ्यात आले आणि गलाईची भट्टी टाकून इथलेच झाले. बिऱ्हाड अलीगंजात, धंदा चौकात. घरात बोली माणदेशी, दारात हिंदी, आणि भाजीवाल्याशी भांडताना दोन्ही एकदम.

“पाला नाही हो, लेट्यूस असेल,” मी म्हटलं. “मोठ्या हॉटेलांत सलाडला लागतं ते.”

“तेच ते. एसी लावला, रॅक लावले, जांभळे दिवे लावले. आता म्हणतो, काकी, पानांना कार्बन डायऑक्साइड पाहिजे. आता हे काय नवीन? आपण सोडतो तोच ना तो? वाईट असतो म्हणत्यात.”

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. असा प्रश्न कुणी कुंपणावरून विचारला की माझी भाजी करपते. म्हटलं, आपल्याला नको असतो तो पानांना हवा असतो. बाहेरच्या हवेच्या दहा लाख भागांत तो सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. एसीसाठी खोली गच्च बंद केली आणि दिवे लावले की पानं तो ओढून घेतात. आकडा दोनशेपर्यंत उतरला की वाढ मंदावते; वीज मात्र तेवढीच जळते. तोच हजारापर्यंत नेला तर लेट्यूस, पालक, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांची वाढ वीस-तीस टक्क्यांनी वाढू शकते. मक्याला, उसाला फारसा फरक नाही, त्यांची रीत वेगळी. आणि हे सगळं दिवे चालू असतानाच. अंधारात सोडलेला गॅस फुकट.

“मग घरात रोज याच्यावरनं कालवा चाललाय,” वहिनींनी आवाज खाली घेतला. म्हणजे आता खरी बातमी येणार. “मालक म्हणतात, गॅसची शेगडी लाव, जळण आपल्या हातचं. सासूबाई म्हणतात, पिंपात साखर आणि यीस्ट घाल, फसफसू दे. पोराचा दोस्त ढिंगरी लावतो, तो म्हणतो, आळिंब्याच्या पिशव्या ठेव. आणि सोडावाला सिलेंडर द्यायला तयार बसलाय.”

सासूबाईंचं पिंप आधी निकालात काढलं. एक किलो साखर आंबवली तर जेमतेम अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. साखर पंचेचाळीसला धरली तर गॅस नव्वद रुपये किलो पडला. सिलेंडरवाला यापेक्षा कितीतरी कमी भाव सांगेल. शिवाय फसफस आपल्या मर्जीने चालत नाही. दिवे बंद झाले म्हणून यीस्ट थांबत नाही. गंमत अशी, की सासूबाईंची अक्कल कारखान्यात बरोबर ठरते. इथेनॉलच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना हाच वायू टनावारी निघतो आणि तिथून धरून, शुद्ध करून सिलेंडरांत भरता येतो. नेदरलँड्समध्ये तर रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला वायू २००५ पासून नळाने ग्रीनहाउसांना पोचवतात, पुढे त्यात एका इथेनॉल कारखान्याचा वायूही आला. उत्तर प्रदेशात उसाला आणि डिस्टिलऱ्यांना तोटा नाही. नळ तेवढा नाही.

“आणि आळिंबी?”

आळिंबी श्वास सोडते हे खरं. पण ढिंगरीला स्वतःलाच तो वायू जास्त झालेला चालत नाही; देठ लांबतात आणि छत्री बारकी राहते. म्हणजे तिच्या खोलीतली हवा बाहेर काढावीच लागते, ती पानांकडे वळवली तर दोघांचं भलं. ऐकायला सुरेख. पण हवेबरोबर ढिंगरीची बीजाणूंची धूळही येते. गाळणी लावली नाही तर ती पानांवर बसते, कामगारांच्या छातीत जाते. आणि पोराला दोन धंदे सांभाळावे लागतात, एकाचा हिशोब चुकला की दुसरा आजारी. दोस्ती टिकवायची असेल तर पिशव्या दोस्ताकडेच राहू द्या, असं मी स्पष्ट सांगितलं.

वहिनींच्या मालकांची, म्हणजे भाऊंची, शेगडी मात्र अशी उडवून लावता येईना. गलाईवाल्याला ज्वाळेची भाषा कळते. एक किलो एलपीजी नीट जळला की तीन किलो कार्बन डायऑक्साइड देतो. घरच्या १४.२ किलोच्या टाकीतून बेचाळीस किलो निघाला की! (घरची टाकी धंद्याला वापरणं गुन्हा आहे, हे भाऊंना मी सांगावं अशी वहिनींची फार इच्छा दिसली. मी टाळलं.) परदेशात मोठमोठ्या ग्रीनहाउसांत असे बर्नर असतात, पण तिथे थंडी असते, उष्णता हवीच असते. इथे बर्नरमधून एक किलो वायू काढायचा म्हणजे सव्वाचार युनिटची उष्णता आणि अर्ध्या लिटरहून जास्त पाण्याची वाफ खोलीत सोडायची. मे महिन्यात लखनऊ पंचेचाळीस अंशांवर तापलेलं असताना एकीकडे जाळायचं आणि दुसरीकडे एसीने उपसायचं! डिसेंबरच्या धुक्यात एकवेळ परवडेल.

“पण उष्णता सोसली समजा,” वहिनी नवऱ्याची बाजू कधी नव्हे ती घेत होत्या.

“उष्णता नाही हो, मला धास्ती इथिलीनची आहे.”

मलिहाबादचा दसहरी आंबा पिकवायला आता कार्बाइड चालत नाही, इथिलीन वायूच्या खोल्या असतात. तिथे दहा लाखांत शंभर भागांपर्यंतची परवानगी आहे. गॅस अर्धवट जळला की हेच इथिलीन थोडंसं सुटतं, आणि बंद खोलीत एका भागाच्या विसाव्या हिश्शाने टोमॅटोची फुलं गळू शकतात. आंब्याला जे पिकवतं ते पानांना म्हातारं करतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग, आणि आत माणसं काम करणार. उघड्या भट्टीशी आयुष्य काढलेल्या माणसाला बंद खोलीतली ज्वाळा वेगळी असते हे पटवणं अवघड, पण पटवायलाच हवं.

“म्हंजे सिलेंडरच?”

सिलेंडरच, पण डोळे मिटून नाही. आत द्रवरूप वायू असतो, शुद्ध असतो, उष्णता आणत नाही. लाइट लागले की उघडणारा आणि विझले की मिटणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. खाण्याच्या दर्जाचाच मागायचा. अडचण लखनऊच्या उन्हाची. हा वायू ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही, दाब मात्र चढत जातो. पत्र्याच्या शेडखाली उन्हात टाकी ठेवली तर सुरक्षा चकती फुटून सगळा गॅस गल्लीत. म्हणून टाकी सावलीत, उभी, साखळीने बांधलेली. हे नियम बघणारं पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, हे ऐकून वहिनींना उगाच बरं वाटलं.

दुसरं, हा वायू हवेच्या दीडपट जड. गळला तर जमिनीलगत साचतो. आठ तास काम करणाऱ्याला पाच हजार भागांपर्यंत ठीक. चाळीस हजारांवर जिवाशी गाठ. मीटर नाकाच्या उंचीवर एक आणि खाली एक, दोन्ही गजर करणारे. यात पोराने पैसे वाचवले तर मला सांगा, मी चौकात जाऊन कान धरीन.

“पण किती लागणार गॅस? महिन्याला किती टाक्या?”

मग कुंपणाच्या कठड्यावर खडूने हिशोब झाला. गोदाम तीस बाय वीस, उंची दहा फूट. चारशेवरून हजारावर न्यायला एका वेळी दोनशे ग्रॅमसुद्धा लागत नाहीत. अशा खोलीतली पानं तासाला शंभरेक ग्रॅम खातील. मग एवढी चर्चा कशाला? कारण गोदाम लखौरी विटांचं, दारांच्या फटींतून बोट जातं. तासातून एकदा जरी सगळी हवा बदलली तरी दर तासाला आणखी पावणेदोनशे ग्रॅम गल्लीत जाणार. टाकी पानांसाठी आणायची आणि तिच्या तीनातले दोन हिस्से चौकातल्या हवेला घालायचे. इथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत, एनबीआरआयमध्ये, उघड्यावरच्या पिकांवर हा वायू सोडायची सोय आहे; हवेत तो वाढला तर पिकांचं काय होईल हे बघायला. त्यांना उडून जाणारा गॅस परवडतो, तो प्रयोग आहे. धंद्यात आधी फटी बुजवायच्या आणि मग सोडावाल्याला फोन.

“आणि गंमत सांगू? बसून बोलणारा माणूस तासाला पस्तीसेक ग्रॅम सोडतो. आपण दोघी तिथे खुर्च्या टाकून बसलो तर सत्तर ग्रॅम झाले.”

वहिनी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली कोथिंबीर माझ्या आवारात पडली. “मग टाकी कशाला? मंगळागौरीचा सगळा गोतावळाच नेऊन बसवते की!”

चार दिवसांनी त्या परत आल्या, चेहरा गंभीर. पोराने आधी मीटर आणला होता. सकाळी चार कामगार रोपं लावत होते तोवर आकडा आठशेच्या वर. ते जेवायला गेले आणि तासाभरात साडेचारशे. म्हणजे गोदाम चाळणी आहे. आता फोमची पट्टी, दुहेरी दार आणि गिलावा, सिलेंडर त्यानंतर. भाऊंनी शेगडीचा विषय सोडलेला नाही, फक्त डिसेंबरवर ढकललाय.

“ते सगळं खरं ताई,” वहिनी म्हणाल्या, “पण मला एक सांगा. या गावात कबाबाबरोबर माणसं कांदा-मुळा मागतात. हे लेट्यूस घेणार कोण? पोरगं म्हणतं, गोमतीनगरच्या दोन हॉटेलांनी हो म्हटलंय. लिहून दिलंय का विचारलं, तर मान खाली.”

त्यावर माझ्याकडे रसायनशास्त्र नव्हतं. लिहून घ्यायला सांगा म्हटलं, आणि तेही दिवाळीच्या आत.