रिस्कोमीटरच्या काट्यास खुले पत्र

रविवार, 2 मार्च 2025

श्री. रा. रा. काटासाहेब,
मु. पो. लाल टोक, रिस्कोमीटर,
यांस डोंबिवलीहून म्युच्युअल फंडाच्या एका युनिटधारकाचा सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम रविवारी लिहितोय. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, हलत नाही. आठवड्यातले एवढे दोनच दिवस मी आणखी गरीब होत नाही, त्यामुळे अक्षर जरा बरं येतं.

परवा शुक्रवारी सेन्सेक्स एका दिवसात 1,400 अंशांहून जास्त घसरला. रात्री साडेअकरापर्यंत मी अंथरुणात बसून मोबाइलचा पडदा बोटाने खाली ओढत होतो. मटकीला मोड आले का म्हणून दर तासाला फडकं उघडून बघावं, तसं. शेवटी आकडा उमटला. सप्टेंबरात एकरकमी घातलेल्या 3 लाखांचे 2 लाख 31 हजार झाले होते. बाजूला ही जागीच होती. तिने काही विचारलं नाही. न विचारणं हा तिचा जुना प्रश्न आहे.

तर साहेब, माझी तक्रार थेट आपल्याविरुद्ध आहे. जानेवारी 2021 पासून सेबीने फंडाची जोखीम दाखवणाऱ्या त्या अर्धवर्तुळात आपल्याला सहावं घर बांधून दिलं : अति उच्च जोखीम. मी पैसे भरले त्या दिवशीही आपण त्याच घरात, लाल रंगात रुतून उभे होता. मी आपल्याला पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि मनात म्हटलं, वा! गाडी काय पळतेय! ज्याने आयुष्यभर स्कूटरचा काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही, त्याला उजवीकडे कललेला काटा दिसला की चेव येतो. आपण वेग दाखवत नाही, हे सांगायला नको होतं का? खाली लिहिलं होतं, मान्य. पण खालचं वाचायला कागद खाली धरावा लागतो, आणि माझी मान तेव्हा वर होती.

दुसरी तक्रार. आपल्याला तरतमभाव नाही. पहिल्या शंभर बड्या कंपन्यांत पैसे घालणारा लार्जकॅप फंड असो, की बाजारमूल्याच्या यादीत 251व्या नंबरापासून खाली शोधाशोध करणारा स्मॉलकॅप, दोघांपुढे आपण बहुधा एकाच टोकाला. दूध उतू गेलं तरी आणि घरात साप निघाला तरी जो माणूस एकाच पट्टीत ओरडतो, त्याच्या ओरडण्याकडे कोण लक्ष देणार?

आमच्या साडूंनी तर कधीच दिलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये बाजार शिखरावर होता आणि साडू त्याच्याही वर. एफडी म्हणजे पैसे लोणच्यात घालणं, असं ते म्हणायचे. मी सहकारी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पावती उलटसुलट करून विचारलं, ‘‘काका, मोडायचीच का?’’ आमच्याकडे मोडेन पण वाकणार नाही म्हणायची पद्धत आहे. मी मोडली. फेब्रुवारीपर्यंत वाकलोही.

सप्टेंबरात कुटुंबाच्या ग्रुपवर रोज हिरवे स्क्रीनशॉट टाकणारे साडू हल्ली फक्त ‘सुप्रभात’ टाकतात. त्यातही उगवता सूर्य असतो. लाल.

पण सांत्वनाला माणसं कमी नाहीत. पहिले म्हणाले, विकलं नाही तोवर तोटा कागदीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चौकशी केली. गेल्या जुलैच्या अर्थसंकल्पापासून शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला खरोखरच सव्वा लाखापर्यंत कर नाही. म्हणी करणाऱ्यांची दूरदृष्टी पाहून मी थक्क झालो. फक्त त्यासाठी मुठीत नफा लागतो.

दुसरे म्हणाले, 23 टक्केच तर पडलाय, तेवढाच चढला की झालं. चौथीतल्या पोराकडूनही हे गणित करून घ्यावं. 2 लाख 31 हजारांचे 3 लाख व्हायला 30 टक्के चढावं लागतं. जिना तोच, पण उतरताना 23 पायऱ्या आणि चढताना 30.

तिसरे करसल्लागार. ते म्हणाले, विकून टाका, विवरणपत्र मुदतीत भरा, म्हणजे हा तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करत राहता येईल. आमच्या घराण्यात वडिलांनी कर्ज मागे ठेवलं नाही, सोनंही ठेवलं नाही. आता निदान पुढे न्यायला काहीतरी आहे. मात्र वर्षाच्या आत निघालो म्हणून फंड एक टक्का एक्झिट लोड कापणार. पंगतीत उपाशी राहिलेल्याकडून दारात पत्रावळीचे पैसे घ्यावेत, तसं.

आणि सगळेच एकदम निघाले तर? याचं उत्तर मला डोंबिवलीकर म्हणून आधीच कळायला हवं होतं. सेबीच्या सांगण्यावरून मार्च 2024 पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंड एक आकडा जाहीर करतात : आपल्याकडचे निम्मे शेअर विकायचे तर किती दिवस लागतील. छोट्या कंपन्यांना पडत्या काळात गिऱ्हाईक पटकन मिळत नाही, म्हणून हा हिशेब. मी तो कधी उघडला नाही. रोज 8.14च्या लोकलने जाणाऱ्याला खरं तर आकडा लागतच नाही. गाडीत शिरताना सगळे ढकलून आत घेतात. उतरायचं स्टेशन एकच असलं आणि दरवाजा अरुंद असला, की काय होतं हे बरगड्यांना विचारा.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता ओव्हल मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. समोर राजाबाई टॉवर. तिथल्या घड्याळात आपले भाऊबंद आहेत. त्या मनोऱ्यामागची गोष्टही बाजाराचीच. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईने त्या पैशावर कंपन्यांमागून कंपन्या काढल्या. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर तर लोकांनी समुद्र बुजायच्या आधीच आकाशाला भिडवले. 1865 मध्ये युद्ध थांबलं. 1 जुलैला वायदे पुरे करायची तारीख आली, आणि सगळं कोसळलं. त्या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांचंही साम्राज्य त्यात गेलं. पण तेजीत असताना त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी पैसे देऊन ठेवले होते. तो मनोरा 1878 मध्ये पुरा झाला. आईच्या नावाने आजही उभा आहे.

तिथे उभा असताना मला आमचा ओटा आठवला.

काटासाहेब, हे आपल्याला आधी सांगायला हवं होतं. ते 3 लाख ओट्याचे होते. आमच्या स्वयंपाकघरातला कडप्पा गॅसच्या बाजूला टवका उडालेला आहे. त्या खाचेत पोळीचं पीठ बसतं आणि ही रोज सुरीच्या टोकाने ते काढते. सिंकचा पाइप गळतो, त्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय. रात्रीतून तो भरतो, सकाळी ते पाणी तुळशीला. दिवाळीपर्यंत नवा ओटा घालायचा, हे ठरलेलं होतं. म्हणजे त्या पैशाला तारीख होती. तारीख असलेला पैसा मी तारीख न पाळणाऱ्या माणसाच्या हातात दिला, आणि वर सहा महिने ऐटीत ‘आमचं लाँग टर्म आहे’ म्हणत फिरलो. माझं लाँग टर्म श्रीखंडाच्या डब्याएवढं होतं.

शेवटी काल हिला सगळं सांगितलं. आपलं चित्रही दाखवलं. चष्मा लावून तिने ते बघितलं आणि म्हणाली, ‘‘एवढा लाल होता? मग तुम्ही काय बघत होतात?’’ आपल्यावरच्या खटल्यात माझ्या बाजूचा एकच साक्षीदार होता, तोही फुटला.

सबब, तक्रार मागे घेत आहे. आपण फंडाची जोखीम दाखवत होता, ती बरोबरच होती. माझी दाखवायला कुणी नेमलेलं नव्हतं. दरमहा 5 हजारांची एसआयपी चालू ठेवतोय. त्या पैशाला सध्या तारीख नाही. एकरकमी घातलेले तिथेच पडू देत. ॲप मोबाइलच्या तिसऱ्या पानावर, रेल्वेच्या वेळापत्रकाखाली हलवलंय. ओटा पगारातून, टप्प्याटप्प्याने. ग्रॅनाइट नाही, पुन्हा कडप्पाच.

कळावे. पुढे ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. ती या खेपेस मोडतो.

आपला,
एक युनिटधारक

ता. क. प्लंबर उद्या सकाळी येतो म्हणालाय. बाजारही उद्याच सव्वानऊला उघडतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, प्लंबरसाठी.